मुदत उलटून गेल्यावरचे शौर्यपदक : कायदा नेमके काय देतो?

कोयनाकाठ :

२३ डिसेंबर २०१६ रोजी अमेरिकेचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी २०१७ च्या आर्थिक वर्षाच्या संरक्षण कायद्यावर सही केली. विमाने, जहाजे, सैनिकांचे पगार अशा अवाढव्य विषयांनी भरलेल्या त्या कायद्यात एक लहानसे कलम मिशिगन राज्यातील साउथ हेवन या गावच्या एका निवृत्त शाळामास्तरांसाठी होते. त्यांचे नाव जेम्स मॅक्लॉगन. सुमारे चार दशके त्यांनी त्या गावच्या शाळेत समाजशास्त्र आणि मानसशास्त्र शिकवले, फुटबॉल, कुस्ती आणि बेसबॉलचे संघ घडवले. त्याआधीची त्यांची ओळख मात्र वेगळी होती. १९६८ साली पदवी हातात पडते न पडते तोच त्यांना सक्तीच्या भरतीचे बोलावणे आले आणि सैन्याने त्यांना मेडिक, म्हणजे लढणाऱ्या तुकडीबरोबर राहून जखमींवर जागेवरच उपचार करणारा शिपाई, म्हणून तयार करून व्हिएतनामला पाठवले.

१३ मे १९६९ रोजी त्यांची कंपनी ताम की शहराजवळ, नुई योन टेकडीच्या परिसरात हेलिकॉप्टरने उतरली. कंपनीत ८९ जण होते. दोन हेलिकॉप्टरे शत्रूच्या गोळीबारात पडली. एका जखमी सैनिकाला उचलून आणण्यासाठी मॅक्लॉगन उघड्या मैदानातून सुमारे शंभर मीटर धावत गेले आणि त्याला खांद्यावर टाकून परतले. पुढे खंदकातल्या दोघांवर उपचार करत असताना रॉकेटच्या स्फोटातील धातूचे तुकडे त्यांच्या अंगात घुसले, तरीही ते पुन्हा पुन्हा गोळीबाराच्या पट्ट्यात शिरून माणसे ओढून आणत राहिले. हेलिकॉप्टरमधून जखमींना मागे नेले जात असताना त्यांनाही जाण्यास सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला. दुसऱ्या दिवशी कंपनीतला दुसरा मेडिक मारला गेला, त्याच दिवशी हे स्वतः पुन्हा जखमी झाले आणि तेवढ्या माणसांमागे उपचार करणारे तेच एकटे उरले. तिसऱ्या दिवसाच्या पहाटेपूर्वी, रसद टाकणाऱ्या विमानाला जागा कळावी म्हणून, लुकलुकणारा दिवा हातात धरून उघड्यावर उभे राहण्याचे काम त्यांनी आपणहून मागून घेतले. अंधारात दिवा धरून उभे राहणे म्हणजे काय, हे सांगायला लष्करी अनुभव लागत नाही. लढाई संपली तेव्हा ८९ पैकी लढण्याजोगे ३२ जण उरले होते. कंपनीतील दहा जणांचे प्राण त्यांच्यामुळे वाचले असे मानले गेले.

या कामगिरीसाठी त्यांना तेव्हा मिळाले ते ब्राँझ स्टार, म्हणजे पदकांच्या उतरंडीत बरेच खालचे. २००९ साली त्यांच्या प्लटूनच्या त्या वेळच्या लेफ्टनंटने कागद पुन्हा हलवले आणि वरच्या दर्जाच्या पदकाची शिफारस केली. ती शिफारस एकेक पायरी चढत संरक्षणमंत्री ॲश कार्टर यांच्यापर्यंत पोहोचली आणि त्यांनी ही कामगिरी सर्वोच्च पदकाच्या, म्हणजे मेडल ऑफ ऑनरच्या, योग्यतेची असल्याचे मान्य केले. इथे अडचण आली. कायद्याने हे पदक कृत्यानंतर पाच वर्षांच्या आत दिले गेले पाहिजे. ती मुदत १९७४ सालीच संपली होती. मंत्र्यांना पटले, साक्षीदार हयात होते, स्वतः सैनिक हयात होता, पण तारीख आड येत होती. तेव्हा मिशिगनचे दोन सिनेटर डेबी स्टॅबेनाव व गॅरी पीटर्स आणि प्रतिनिधी फ्रेड अप्टन यांनी या एका माणसापुरती ती मुदत शिथिल करणारी तरतूद पुढे रेटली. ३१ जुलै २०१७ रोजी, वयाच्या ७१ व्या वर्षी, मॅक्लॉगन यांच्या गळ्यात ते पदक पडले. सही एका राष्ट्राध्यक्षाची, पदक बांधणारे हात दुसऱ्या राष्ट्राध्यक्षाचे.

धागा काढण्याचे कारण असे की बातम्यांत अशा प्रसंगी "संसदेने पदक दिले" असे सर्रास लिहिले जाते आणि ते बरोबर नाही. त्या कलमाची भाषा पाहिली तर "मुदतीचे बंधन असले तरीही राष्ट्राध्यक्षांना हे पदक देण्याचा अधिकार राहील" एवढाच तिचा आशय असतो. कायदा शौर्य ठरवत नाही, फक्त तारखेचे कुलूप काढतो. सदस्यांनी आपापली मते मांडावीत, विशेषतः सैनिकी पार्श्वभूमी असलेल्यांनी.

---

नंदिनी वि. :

उत्तम माहिती. एक प्राथमिक शंका विचारते. कृत्य शौर्याचे आहे हे सिद्ध होत असेल तर मुदत हवीच कशाला? शौर्य काही दुधासारखे नासत नाही.

---

कागदकिडा :

नंदिनीताई, शौर्य नासत नाही, पण साक्ष नासते, आणि मुदतीमागचे कारण तेच आहे. याला एक गमतीदार पूर्वेतिहासही आहे.

अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात हे पदक नवीन होते आणि ते कोणाला द्यावे याचे नियम फार सैल होते. १८६३ साली मेन राज्याच्या २७ व्या पायदळ रेजिमेंटची भरतीची मुदत संपत आली होती, नेमक्या त्याच वेळी राजधानी वॉशिंग्टनवर संकट येईल अशी भीती होती. जे थोडे दिवस जास्त थांबतील त्यांना पदक मिळेल, असे आश्वासन दिले गेले. सुमारे तीनशे जण थांबले. पण याद्यांचा असा काही घोळ झाला की पदके निघाली ८६४, म्हणजे घरी निघून गेलेल्यांच्या नावानेसुद्धा! लिंकन यांच्या शवयात्रेबरोबर गेलेल्या रक्षकांनाही हेच पदक मिळाले होते.

अखेर निवृत्त जनरल नेल्सन माइल्स यांच्या अध्यक्षतेखालील मंडळाने जुन्या नोंदी तपासल्या आणि १९१७ साली एकूण ९११ नावे यादीतून काढून टाकली. त्यात यादवी युद्धातील शल्यविशारद डॉ. मेरी वॉकर यांचेही नाव होते. हे पदक मिळवणाऱ्या त्या एकमेव स्त्री. त्यांचे नाव १९७७ साली पुन्हा यादीत घेतले गेले. या साफसफाईच्या पाठोपाठ, १९१८ च्या कायद्याने, निकष कडक झाले आणि शिफारशीला व प्रदानाला मुदती लागल्या. मागच्या पिढीने पदके खिरापतीसारखी वाटली, त्याची शिक्षा पुढच्या पिढीतल्या खऱ्या मानकऱ्यांना झाली असे म्हणता येईल.

मूळ लेखाला एक पुरवणी जोडतो. १९९६ पासून अशी तरतूद आहे की मुदत उलटलेली शिफारस कोणीही संसद सदस्य संबंधित सेनादलाच्या मंत्र्यांकडे तपासणीसाठी पाठवू शकतो आणि त्यावर गुणवत्तेच्या आधारे अभिप्राय देणे त्या खात्याला भाग असते. म्हणजे साधारण क्रम असा की आधी लष्कर पात्रता ठरवते, मग संसद मुदत शिथिल करते, शेवटी राष्ट्राध्यक्ष निर्णय घेतात. यातील शेवटची पायरी आपोआप होत नाही. माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्यासाठी मुदत शिथिल करणारा कायदा १९९८ साली झाला, प्रत्यक्ष पदक जानेवारी २००१ मध्ये जाहीर झाले. इराकमध्ये जळत्या वाहनातून सहकाऱ्यांना बाहेर काढताना भाजून मरण पावलेल्या ॲल्विन कॅश यांच्यासाठीचा कायदा डिसेंबर २०२० चा आहे, पदक मिळाले त्यानंतर वर्षभराने.

---

ऑल्बनीकर :

मी न्यूयॉर्क राज्याच्या राजधानीत, ऑल्बनीत, अनेक वर्षे राहतो. आमच्या गावातील एका रस्त्याला हेन्री जॉन्सन यांचे नाव आहे आणि वॉशिंग्टन पार्कमध्ये त्यांचा पुतळा आहे. मॅक्लॉगन यांची गोष्ट हयातीत संपली, जॉन्सन यांची संपली नाही, म्हणून ती येथे सांगणे आवश्यक वाटते.

जॉन्सन हे कृष्णवर्णीय. युद्धापूर्वी ऑल्बनीच्या रेल्वे स्थानकावर हमाली करत. १९१७ साली ते न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीयांच्या पलटणीत भरती झाले, जी पुढे ३६९ वी पायदळ रेजिमेंट म्हणून ओळखली गेली. गोऱ्या अमेरिकी सैनिकांना त्यांच्या खांद्याला खांदा लावून लढायचे नव्हते, म्हणून ती रेजिमेंट चक्क फ्रेंच सैन्याच्या हवाली करण्यात आली. १५ मे १९१८ च्या पहाटे आर्गॉनच्या जंगलालगत जॉन्सन आणि नीडम रॉबर्ट्स हे दोघे पुढच्या चौकीवर पहाऱ्याला असताना किमान बारा जर्मन सैनिकांच्या टोळीने त्यांच्यावर हल्ला केला. रॉबर्ट्स सुरुवातीलाच जबर जखमी झाले. जॉन्सन यांनी हातबॉम्ब फेकले, रायफल अडकली तेव्हा तिच्या दस्त्याने मारामारी केली आणि रॉबर्ट्सना शत्रू ओढून नेत आहेत असे दिसताच बोलो नावाचा, आपल्या कोयत्याच्या जातीचा सुरा काढून ते त्यांच्यावर तुटून पडले. रॉबर्ट्स सुटले. जॉन्सन यांच्या अंगावर २१ जखमा झाल्या.

फ्रान्सने त्यांना आपले युद्धपदक सुवर्णपर्णासह दिले. त्यांच्या स्वतःच्या देशाच्या सैन्याने जिवंतपणी एकही पदक दिले नाही. जखमांमुळे हमालीचे जुने काम करणे त्यांना शक्य राहिले नाही आणि १ जुलै १९२९ रोजी ते वॉशिंग्टनमध्ये वारले. युद्धात जखमी झाल्याबद्दल दिले जाणारे पर्पल हार्ट हे पदक आजच्या स्वरूपात सुरू झाले तेच मुळी १९३२ साली. त्यांना ते मरणोत्तर मिळाले १९९६ मध्ये. त्यानंतर काही वर्षांनी दुसऱ्या क्रमांकाचे पदक आले. सर्वोच्च पदकासाठी पुरावा अपुरा आहे असे सांगितले जात होते, तेव्हा २०११ साली सिनेटर चक शूमर यांच्या कार्यालयातील लोकांना त्या युद्धातील अमेरिकी सेनापती जनरल पर्शिंग यांचा, घटनेनंतर अवघ्या पाच दिवसांनी लिहिलेला, या चकमकीची प्रशंसा करणारा संदेश सापडला. २०१४ च्या डिसेंबरात मुदत शिथिल झाली आणि २ जून २०१५ रोजी, ९७ वर्षांनी, पदक देण्यात आले.

ते घ्यायला घरचे कोणीच नव्हते. ज्यांना अनेक वर्षे त्यांचे पुत्र मानले जात होते त्यांचे नाते वंशावळीच्या तपासणीत टिकले नाही. त्यामुळे न्यूयॉर्क नॅशनल गार्डच्या एका कमांड सार्जंट मेजरनी ते स्वीकारले. पुढे २०२३ साली लुइझियानातील फोर्ट पोल्क या लष्करी तळाला जॉन्सन यांचे नाव देण्यात आले आणि २०२५ मध्ये ते बदलून पुन्हा पोल्क करण्यात आले, एवढे सांगून थांबतो.

---

सडेतोड :

दोन्ही कथा हृद्य आहेत, पण मला या प्रकाराबद्दल आदरापेक्षा शंका अधिक वाटते. दोन्ही वेळा कुलूप उघडले ते त्या त्या राज्याच्या सिनेटरांनी. मॅक्लॉगन यांचे लेफ्टनंट चिवट निघाले म्हणून पदक मिळाले. जॉन्सन यांच्याच दिवशी विल्यम शेमिन या पहिल्या महायुद्धातील ज्यू सार्जंटलाही मरणोत्तर पदक मिळाले, कारण त्यांच्या कन्येने वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. ज्यांचा लेफ्टनंट लढाईतच मेला, ज्यांना मूलबाळ नव्हते, ज्यांच्या मतदारसंघातील प्रतिनिधीला वेळ नव्हता, त्यांचे काय? व्यक्तीच्या नावाने कायदा करणे हे मला तत्त्वतःच खटकते. कायदा सर्वांसाठी असावा.

---

कागदकिडा :

सडेतोड, आक्षेप योग्य आहे, पण तुम्ही म्हणता तसा सर्वांसाठीचा मार्गही तिथे वापरला गेला आहे. पहिल्या महायुद्धातील एकाही कृष्णवर्णीय सैनिकाला १९९१ पर्यंत हे पदक मिळाले नव्हते, त्या वर्षी ते फ्रेडी स्टोअर्स यांना मरणोत्तर मिळाले. दुसऱ्या महायुद्धातील कृष्णवर्णीयांची पाटी १९९७ पर्यंत कोरी होती. तेव्हा सात जणांना एकदम देण्यात आले आणि त्या सातांपैकी व्हर्नन बेकर हे एकटेच हयात होते. १९९६ च्या एका कलमाने आशियाई वंशाच्या सैनिकांच्या जुन्या नोंदी सरसकट तपासण्याचा आदेश दिला, त्यातून २००० साली २२ जणांना पदक मिळाले. त्यात इटलीत हात गमावलेले आणि नंतर अनेक वर्षे सिनेटर राहिलेले डॅनियल इनूये होते. २००२ च्या कायद्याने ज्यू व स्पॅनिशभाषक सैनिकांच्या नोंदी उघडल्या, त्याचे फळ २०१४ मध्ये २४ जणांच्या रूपाने दिसले.

म्हणजे दोन प्रकार आहेत. एकात संसद म्हणते, "या माणसाची मुदत माफ." दुसऱ्यात ती म्हणते, "या वर्गावर अन्याय झाला असण्याचा संभव आहे, सगळी कपाटे उघडा." मला दुसरा अधिक न्याय्य वाटतो, पण त्यालाही शेवटी कपाटात काहीतरी असावे लागते.

---

वाईचा मुलगा :

कपाटाचा विषय निघाला म्हणून लिहितो. माझे वडील १९७१ च्या युद्धात पश्चिम आघाडीवर होते. मांडीत सुरुंगाचे तुकडे गेले होते, त्यातला एक अखेरपर्यंत आतच राहिला. थंडीत तो त्यांना जागा दाखवायचा. परंतु त्यांच्या डिस्चार्ज बुकात जखमेची नोंदच नाही. रुग्णालयातून युनिटकडे कागद जाताना कुठेतरी गळाला असावा. त्यांनी आयुष्यभर त्याबद्दल अक्षर काढले नाही. मी एका कार्यालयात विचारणा केली तेव्हा समोरच्या गृहस्थांनी "चाळीस वर्षे काय झोपला होता?" असे विचारले. माझ्यापाशी उत्तर नव्हते, कारण प्रश्न वडिलांना होता आणि ते तोवर गेले होते.

मला पदक नको आहे. आईच्या निवृत्तिवेतनाला त्या नोंदीने फरक पडेल का, एवढेच जाणून घ्यायचे आहे. आपल्याकडे संसद असा कायदा करू शकते का?

---

घटनापाठक :

आपल्याकडे शौर्यपदके संसदेच्या कायद्याने दिली जात नाहीत, ती राष्ट्रपतींच्या अधिसूचनेने स्थापन झालेली आहेत. राज्यघटनेचा अनुच्छेद १८ किताबांना मनाई करतो, पण सैनिकी आणि विद्याविषयक मानचिन्हे त्यातून वगळतो. त्यामुळे मुदत शिथिल करायची झाली तर तो प्रश्न सरकारच्या पातळीवरच सुटतो.

मागील तारखेपासून मान देण्याचे आपले सर्वांत ठळक उदाहरण मात्र पहिल्याच पानावर आहे. परमवीर चक्र २६ जानेवारी १९५० रोजी स्थापन झाले, पण ते लागू धरले गेले १५ ऑगस्ट १९४७ पासून. तसे केले नसते तर काश्मीरच्या पहिल्या लढाईतील एकाही सैनिकाला ते मिळाले नसते, आणि त्यात कारवारजवळच्या चेंडिया गावचे, बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे होते. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा ते राजौरी या मार्गावरचे सुरुंग आणि अडथळे दूर करून त्यांनी रणगाड्यांना वाट करून दिली. पहिल्याच दिवशी तोफगोळ्याच्या माऱ्यात ते जखमी झाले होते, तरी मागे गेले नाहीत. ते हयात राहिले आणि पदक त्यांनी स्वतः स्वीकारले.

---

मीनल (सांगली) :

आमच्या जिल्ह्याच्या मुरलीकांत पेटकरांचे नाव कसे कोणी घेतले नाही? १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले, १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिंपिकमध्ये पोहण्यात भारताला पहिले सुवर्ण दिले आणि पद्मश्री मिळाली २०१८ साली. ४६ वर्षांनी!

---

घटनापाठक :

मीनलताई, विलंबाबाबत सहमत, मात्र पद्मश्री हा नागरी सन्मान आहे. त्याला कृत्यापासून मोजायची मुदत नसते, त्यामुळे तिथे कायदा आड येत नव्हता. मग काय आड येत होते, हा वेगळ्या धाग्याचा विषय होईल.

---

कोयनाकाठ :

सर्व प्रतिसादांबद्दल आभारी आहे. वाईच्या मित्राने विचारलेला प्रश्न माझ्या मूळ लेखात असायला हवा होता, कारण उशिराच्या मानाबरोबर उशिराच्या पैशांचा हिशेब येतो आणि तिथे दोन देशांची वाट फार वेगळी आहे.

अमेरिकेत मेडल ऑफ ऑनरच्या हयात मानकऱ्याला विशेष निवृत्तिवेतन असते. २००२ च्या एका सुधारणेनुसार कृत्याच्या तारखेपासून ते वेतन सुरू होईपर्यंतची रक्कम, त्या त्या काळच्या दराने, एकरकमी दिली जाते. म्हणजे पदक उशिरा मिळाले तरी मधली वर्षे हिशेबात धरली जातात, अट एवढीच की घ्यायला माणूस जिवंत हवा. हेन्री जॉन्सन यांच्या बाबतीत म्हणूनच हिशेब शून्य राहिला.

आपल्याकडे सैनिकांच्या अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनाबाबत सर्वोच्च न्यायालयाचा २००८ चा तरसेम सिंग यांच्या प्रकरणातील निकाल आहे. ते १९८३ मध्ये वैद्यकीय कारणाने सैन्यातून बाहेर पडले आणि १९९९ मध्ये उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने असे मानले की दरमहा न मिळणारे वेतन हा दरमहा नव्याने होणारा अन्याय आहे, त्यामुळे उशीर झाला म्हणून दावा फेटाळता येत नाही. थकबाकी मात्र साधारणपणे अर्जापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच मिळेल. दार बंद नाही, पण मधली वर्षे परत येत नाहीत.

तेव्हा "चाळीस वर्षे काय झोपला होता" या प्रश्नाला कायद्याच्या दृष्टीने उत्तर आहे. तुमचे काम दावा करण्यापेक्षा नोंद शोधण्याचे आहे. वडिलांचा सेवाक्रमांक, युनिट, जखमी झाल्याची अंदाजे तारीख आणि कोणत्या लष्करी रुग्णालयात ठेवले होते, एवढे एका कागदावर लिहून रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला लेखी विचारा. तोंडी विचारू नका. पोच घ्या. उत्तर असमाधानकारक असेल तर सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहे, त्याचे एक खंडपीठ मुंबईत बसते.

---

वाईचा मुलगा :

मनापासून आभार. सेवाक्रमांक पाठ आहे, वडिलांच्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगाने लिहिलेला आहे. रुग्णालयाचे नाव आईला आठवत नाही, पण तिथून आलेले एक आंतरदेशीय पत्र तिने देवघराच्या फळीखाली जपून ठेवले आहे असे आज प्रथमच कळले. त्यावर टपालाचा शिक्का आहे, अक्षरे पुसट आहेत, तारखेतला डिसेंबर मात्र वाचता येतो.

---

कागदकिडा :

त्या पत्राला लॅमिनेशन करू नका. दोन्ही बाजूंचे छायाचित्र आधी काढा, शिक्क्यावर तिरका उजेड पाडून एक वेगळे काढा. गावाचे नाव त्यातून निघण्याची बरीच शक्यता आहे.